कोकणात मुक्कामाला जाताना कॉफीचं कुठलं भांडं न्यावं: एअरोप्रेस, फ्रेंच प्रेस की स्टीलचा फिल्टर?

महिन्यातले आठ-दहा दिवस माझे कोकणात जातात. पतसंस्थांच्या हिशेबतपासणीचं काम आहे, त्यामुळे कधी चिपळूण, कधी गुहागर, कधी पार खाली वेंगुर्ल्यापर्यंत. मुक्काम क्वचित लॉजवर, बहुतेकदा कुणाच्या तरी घरच्या खोलीत. या पट्ट्यात चहा कुठेही मिळतो आणि चांगला मिळतो. कॉफी मागितली की मात्र गरम दुधात इन्स्टंटचा चमचा ढवळून येतो. मला सकाळची कॉफी कोरी लागते आणि ताज्या पुडीचीच लागते. म्हणून गेल्या सहा वर्षांत मी तीन भांडी या रस्त्यावर आलटून पालटून वापरली: काचेचा फ्रेंच प्रेस (जाळीचा दट्ट्या खाली नेऊन कॉफी गाळायचं भांडं), प्लास्टिकचा एअरोप्रेस (सिरिंजसारखं दट्ट्याने दाबायचं नळकांडं) आणि स्टीलचा दाक्षिणात्य फिल्टर (एकावर एक बसणारी दोन भांडी, वरच्याच्या तळाला बारीक भोकं). तिन्हींना वीज लागत नाही, तिन्ही पिशवीत मावतात. यातलं एकच घ्यायचं असेल तर कुठलं, असं मला ओळखीतले लोक विचारतात. त्यांच्यासाठी हे सविस्तर लिहिते आहे.

सगळे आधी विचारतात, चव कुणाची चांगली? पूड ताजी असेल तर तिघांचीही चांगली लागते. घराबाहेर भांडं ठरवताना दुसरे तीन प्रश्न आधी विचारावेत. उकळतं पाणी कुठून आणणार? किती जणांची करणार? आणि चोथा कुठे टाकणार? तिसरा प्रश्न दुकानात कुणी काढत नाही, पण मुक्कामात सगळ्यात जास्त तोच नडतो.

मला तो असा कळला. पहिल्या वर्षी माझ्याकडे फ्रेंच प्रेस होता आणि मालवणजवळच्या एका घरात माझा आठवडाभर मुक्काम होता. फ्रेंच प्रेसमध्ये कॉफी ओतून झाली की तळाशी ओल्या पुडीचा बोटभर गाळ उरतो. चमच्याने तो पुरता निघत नाही, पाणी घालून विसळावंच लागतं. ते विसळलेलं पाणी मी रोज न्हाणीच्या मोरीत ओतत होते. चौथ्या दिवशी मोरी तुंबली. घरच्या काकी हिराची काडी घेऊन आल्या, वाकून सगळा काळा गाळ बाहेर काढला, आणि न रागावता एवढंच म्हणाल्या, "चोथो मोरयेत नको गो, माडाच्या आळ्यात घाल." मे महिना होता, विहीर तळाला गेलेली होती. एक कप कॉफीचं भांडं धुवायला मी रोज दीड तांब्या पाणी घालवत होते, हेही मला तेव्हाच दिसलं. कुणाच्या घरी राहायचं तर त्या घराच्या पाण्याचा आणि मोरीचा विचार आपणच करायला हवा.

आता एअरोप्रेसचा चोथा बघा. कॉफी दाबून झाली की खालचं भोकाभोकांचं झाकण फिरवून काढायचं, नळकांडं माडाच्या आळ्यावर धरायचं आणि दट्ट्या आणखी बोटभर पुढे रेटायचा. टप्पकन एक वडी बाहेर पडते. नारळाच्या वडीसारखी घट्ट, कडा तासल्यासारख्या सरळ, आणि एका बाजूला कागदाची गोल चकती चिकटलेली. दट्ट्याच्या टोकाला जे रबर असतं त्याने जाता जाता नळकांड्याची आतली भिंत पुसून नेलेली असते, त्यामुळे आत बघाल तर एक कणही दिसत नाही. रबराचं तोंड आणि झाकण अर्ध्या पेल्या पाण्यात खळबळलं की काम संपलं. मोरीशी संबंधच येत नाही. वडी आळ्यात कागदासकट कुजते. माझ्यासाठी निकाल जवळजवळ इथेच लागला.

स्टीलच्या फिल्टरचा चोथा या दोघांच्या मधला. वरच्या भांड्यात तो ओला, दाटीने बसलेला असतो. तासभर निथळू दिला तर उलटं करून तळाशी थाप मारल्यावर बराचसा पडतो. अडचण त्याच्या बारीक भोकांची. आठवड्याभराने ती बुजायला लागतात आणि डिकॉक्शन, म्हणजे कॉफीचा दाट अर्क, थेंब थेंब उतरायलाही कुरकुर करतं. घरी आपण रिकामं भांडं गॅसच्या ज्योतीवर धरून भोकं मोकळी करतो, पण दुसऱ्याच्या स्वयंपाकघरात ते मागायला बरं वाटत नाही.

ही तीन भांडी करतात काय

फ्रेंच प्रेस हे सगळ्यात सरळ भांडं. जाडसर पूड आणि गरम पाणी एकत्र, चार मिनिटं थांबायचं, जाळी खाली न्यायची, ओतायचं. नाव फ्रेंच असलं तरी १९२९ साली त्याचं पेटंट घेतलं ते इटलीतल्या आत्तिलिओ कालिमानी यांनी. जाळी धातूची असल्यामुळे पुडीतलं तेल आणि अगदी बारीक कण कपात येतात, म्हणून ही कॉफी जिभेला जाड, भरीव लागते. ज्यांना ती आवडते त्यांना दुसरी कुठलीच पुरेशी वाटत नाही. एक गोष्ट मात्र माहीत असू द्या. त्याच तेलात कॅफेस्टॉल नावाचा घटक असतो आणि कागदातून न गाळलेली कॉफी रोज बरीच घेतली तर त्याने रक्तातलं वाईट कोलेस्टेरॉल वाढतं. कागदातून गाळल्यावर तो जवळजवळ सगळा कागदात अडकतो. घरात कोलेस्टेरॉलच्या गोळ्या सुरू असतील तर हा फरक किरकोळ नाही.

एअरोप्रेस त्या मानाने अगदी अलीकडचा. ॲलन ॲडलर नावाच्या अमेरिकन संशोधकाने तो २००५ मध्ये बाजारात आणला. याच माणसाने आधी एअरोबी ही हवेत लांबवर जाणारी फेकायची कडी बनवली होती. एका माणसापुरती एकच कप चांगली कॉफी यंत्रात होत नाही ही त्यांची तक्रार होती आणि भांडं त्या तक्रारीच्याच मापाचं झालं आहे. एका वेळी एक मोठा कप, ताणून दोन लहान. इंजेक्शनची मोठी सिरिंज डोळ्यासमोर आणा: नळकांड्यात पूड आणि पाणी, खाली कागदाची चकती, वरून दट्ट्या. हाताच्या दाबाने पाणी पुडीतून लवकर उतरतं, म्हणून पूड बारीक चालते आणि वेळ दीड-दोन मिनिटंच लागतो. विकताना कुणी याला एस्प्रेसो (यंत्राच्या जोरदार दाबाने काढलेली दाट कॉफी) म्हणेल, पण एस्प्रेसोला नऊ बारच्या आसपास, म्हणजे हवेच्या दाबाच्या सुमारे नऊपट दाब लागतो, तो आपल्या हाताने होत नाही. दाट, स्वच्छ, कमी कडू अशी कॉफी होते, आणि तेवढं पुरतं. याची जागतिक स्पर्धा २००८ मध्ये ऑस्लोला तीन स्पर्धकांवर सुरू झाली आणि नंतर देशोदेशी पसरली. जिंकणाऱ्यांच्या कृती पाहिल्या तर दोन वर्षांच्या कृतींचा एकमेकींशी मेळ लागत नाही: पाण्याचं तापमान वेगळं, दळण वेगळं, वेळ वेगळा. मला यातून एवढंच दिसतं की हे भांडं थोडं मागेपुढे झालेलं सांभाळून घेतं. मुक्कामात काटा आणि थर्मामीटर कुणाजवळ असतो?

फिल्टरमध्ये दाबच नाही. वरच्या भांड्यात बारीक पूड, तिच्यावर दांडीची चकती हलकेच टेकवलेली, वरून उकळतं पाणी, आणि १५-२० मिनिटं वाट. खाली काळंकुट्ट डिकॉक्शन जमतं, ते गरम दुधात घालायचं. कोरी पिणाऱ्याचं हे भांडं नव्हे.

पाण्याचा प्रश्न

कोकणातल्या घरात उकळतं पाणी मिळवायला काही लागत नाही. सकाळी साडेसहाला चहाचं आधण ठेवलेलंच असतं. आदल्या रात्री सांगून ठेवायचं, "काकी, उद्या आधणात पेलाभर पाणी जास्त घाला." एअरोप्रेसला तेवढंच पुरतं, सुमारे २०० मिली. चौघांच्या फ्रेंच प्रेसला वेगळं पातेलं ठेवावं लागतं, म्हणजे गॅस आणि वेळ दोन्ही मागायचे. न्हाणीतल्या पाणचुलीचं पाणी गरम असलं तरी घेऊ नका, त्याला धुराचा वास असतो आणि तो कॉफीत उतरतो.

पाण्याची चव आधी घेऊन बघा. जांभ्याच्या सड्यावरच्या विहिरीचं पाणी बहुधा हलकं, गोड असतं. खाडीलगतच्या विहिरी एप्रिल-मेमध्ये मचूळ होतात. मचूळ पाण्यात कितीही महागाची पूड घाला, कॉफी चपटी आणि किंचित खारट लागते. त्यात भांड्याचा दोष नसतो. भर समुद्रातल्या सिंधुदुर्ग किल्ल्यात दूधविहीर, दहीविहीर, साखरविहीर अशा गोड्या पाण्याच्या विहिरी आहेत, आणि समोरच्या किनाऱ्यावर एखाद्या घरी पिण्याचं पाणी टँकरने येतं. पाणी कुठलं, हे त्या त्या घरीच विचारायचं.

रेल्वेचं वेगळं आहे. गाडीत इलेक्ट्रिक किटली लावायला मनाई आहे, चार्जिंगचा सॉकेट त्यासाठी नसतो. निघताना उकळतं पाणी स्टीलच्या चांगल्या थर्मासमध्ये भरून घ्यायचं. इथे एअरोप्रेस पुढे जातो, कारण ॲडलर यांनी स्वतःच सुमारे ८० अंशांचं पाणी सुचवलं आहे. पनवेलला भरलेलं पाणी रत्नागिरी येईतो माझ्या थर्मासमध्ये त्याच्यापुरतं गरम राहिलेलं असतं. फ्रेंच प्रेसला चार मिनिटं तापमान टिकायला हवं, तिथे कोमट होत आलेलं पाणी कमी पडतं. फिल्टरला तर खळखळ उकळतंच लागतं. दाबायचं मात्र गाडी स्टेशनात उभी असताना, पेला सीटवर घट्ट टेकवून. मांडीवर पेला धरून कधीही दाबू नका. नळकांडं घसरलं तर २०० मिली गरम पाणी अंगावर येतं. घडीच्या टेबलावरही नको, ते वजन घेत नाही. आणि काचेचा फ्रेंच प्रेस गाडीत काढूच नये. दुहेरी भिंतीचा स्टीलचा मिळतो, तो चालेल, पण मग पिशवीत अर्ध्या किलोचं वजन वाढतं.

दळण आणि दमट हवा

ही बाजू मला सगळ्यात महत्त्वाची वाटते आणि भांडं घेताना लोक तिचा विचार करत नाहीत. तिन्ही भांड्यांना वेगवेगळं दळण लागतं. घरच्या भाषेत सांगायचं तर फ्रेंच प्रेसला लापशीच्या रव्यासारखं जाड, एअरोप्रेसला बारीक रव्यासारखं, आणि फिल्टरला त्याहूनही बारीक, बोटाला चिकटेल असं. बाजारात तयार मिळणारी पूड बहुतेक फिल्टरसाठीची, चिकोरी (एका झाडाच्या भाजलेल्या मुळांची पूड) घातलेली असते. ती फ्रेंच प्रेसमध्ये घातली तर जाळीतून आरपार जाते, कप चिखल होतो, आणि जाळी खाली न गेल्यामुळे माणूस जोर लावतो. मग गरम कॉफी तोटीतून उसळते किंवा काच तडकते. दट्ट्या अडला तर जोर न लावता वर उचलायचा आणि पुन्हा सावकाश न्यायचा, हे फ्रेंच प्रेसवाल्याने पाठच करावं. एअरोप्रेसमध्ये चिकोरीची पूड चालते, पण फुगते, दाबताना हात भरून येतो. अशा वेळी पूड थोडी कमी घ्या. म्हणजे वाटेत पूड संपली आणि कुडाळच्या किंवा गुहागरच्या बाजारात मिळेल ती घ्यावी लागली, तर फिल्टर आणि एअरोप्रेस निभावून नेतात, फ्रेंच प्रेस अडतो.

दुसरी गोष्ट हवेची. कोकण रेल्वे खाली ठोकूरला संपते, तिथून मंगळूर हाकेच्या अंतरावर. त्या मंगळूरच्या गोदामांत जून ते सप्टेंबर कच्च्या कॉफीच्या बिया मुद्दाम मोसमी वाऱ्यावर पसरून ठेवतात. ओल पिऊन त्या फुगतात, फिकट सोनेरी होतात, आंबटपणा जातो. मान्सून्ड मलबार म्हणतात ती हीच. शिडाच्या जहाजातून युरोपला जाताना महिनोन्‌महिने दमट हवा खाऊन बियांना जी चव यायची, ती परत आणायला ही रीत निघाली. कच्च्या बीला जो वारा मानवतो, तोच भाजलेल्या पुडीचा घात करतो. पावसाळ्यात गुहागरला मी पुडीचं पाकीट रबरबँड लावून फळीवर ठेवलं होतं. चौथ्या दिवशी पुडीचे खडे झाले होते, वास गेला होता, राहिला होता तो पुठ्ठ्यासारखा काहीतरी. तेव्हापासून मी अख्ख्या बिया नेते आणि हातदळणीचा लहान ग्राइंडर नेते. एका कपाला १५ ग्रॅम, दोन मिनिटं हात फिरवायचा. ग्राइंडर घ्यायचा नसेल तर एका-एका दिवसाच्या पुड्या घट्ट बंद होणाऱ्या लहान पिशव्यांत भरून न्या, म्हणजे रोज सगळ्या पुडीला हवा लागत नाही. पैसे मोजकेच असतील तर मी सांगेन की भांडं साधं घ्या आणि उरलेले ताज्या बियांवर घाला. देशातली सुमारे ७० टक्के कॉफी कर्नाटकात होते. आंबोलीचा घाट चढलं की लागतो तो बेळगावचा मुलूख, त्याच राज्यात खाली चिकमगळूर आणि कोडगू. एवढ्या जवळून ताजी बी येत असताना सहा महिन्यांपूर्वी दळलेली पूड का प्यायची?

एअरोप्रेसच्या कागदी चकत्याही दमट होतात. दहा दिवसांना वीस पुरतात, घट्ट पिशवीत ठेवायच्या. संपल्याच तर चकती धुऊन, सुकवून पुन्हा दोन-तीनदा चालते.

किती जणांसाठी

इथे एअरोप्रेसची बाजू पडते आणि ते लपवण्यात अर्थ नाही. चार माणसं असतील तर चारदा सगळं करावं लागतं, पहिल्याचा कप संपतो तेव्हा चौथ्याचा दाबला जात असतो. कुटुंबासह गणपतीला किंवा मे महिन्यात एकाच घरात आठवडा काढायचा असेल, आणि सगळे कोरी किंवा बेताच्या दुधाची पिणारे असतील, तर एक लिटरचा फ्रेंच प्रेस घ्या. खोक्यावर 'आठ कप' लिहिलेलं असतं, त्यावर जाऊ नका. ते कप सुमारे १२० मिलीचे. आपले मग भरायचे तर लिटरभरात चारच जण होतात. '३ कप' लिहिलेला म्हणजे ३५० मिली, एका-दोघांचा. लिटरला ६० ते ६५ ग्रॅम पूड घ्या. चार मिनिटांनी वरचा थर चमच्याने मोडा, फेस काढून टाका, आणि जाळी तळापर्यंत न दाबता पाण्याच्या वरच्या अंगालाच धरून ओता. गाळ बराच कमी येतो. झालेली कॉफी सगळी लगेच ओतून घ्यायची, प्रेसमध्ये ठेवली की कडू होत जाते. आणि चोथ्यासाठी एक जुनं गाळणं बरोबर ठेवा: विसळलेलं पाणी त्यातून गाळून आळ्यात, गाळही आळ्यात.

सगळे दुधाचीच पिणारे असतील, घरात आईवडील असतील, तर फिल्टरसारखं दुसरं काही नाही. रात्री पाणी ओतून झाकून ठेवलं की सकाळी डिकॉक्शन तयार, ज्याला जसं हवं तसं दूध घालून घ्यावं. भांडं काहीशे रुपयांत येतं, पडलं तर पोचा येईल, फुटणार नाही. बऱ्या एअरोप्रेसला काही हजार मोजावे लागतात. एकदोनदा जाणाऱ्याने तेवढे घालू नयेत असं मला मनापासून वाटतं. त्याने एकेका कपाच्या तयार ड्रिप पिशव्या (कपावर अडकवून वरून गरम पाणी ओतायच्या) न्याव्यात आणि रिकामं पाकीट परत घरी आणावं. मोका पॉट, म्हणजे शेगडीवर ठेवून कॉफी करायचं इटालियन भांडं, मी न्यायला सांगत नाही. त्याला शेगडी लागते, ॲल्युमिनियमचा असला तर इंडक्शनवर चालत नाही, आणि दुसऱ्याच्या चुलीवर दहा मिनिटं अडवून बसावं लागतं.

एअरोप्रेस घेतलाच तर

पेला आधी ठरवा. कटिंगच्या ग्लासात नळकांडं बसत नाही आणि कागदी कप दाबाखाली चेपतो. नळकांडं आत जाईल पण त्याची कड वर टेकेल अशा तोंडाचा जाड स्टीलचा पेला किंवा मग घरूनच न्या. चकती झाकणात ठेवून गरम पाण्याने ओली करा. १५ ग्रॅम पूड, म्हणजे पोह्याचे तीन शिगोशीग चमचे. पाणी उकळून खाली उतरवल्यावर मिनिट-दीड मिनिट थांबा, मग २०० मिली घाला. पूड ताजी असेल तर फसफसून वर येते. दहा सेकंद ढवळा, वर दट्ट्या नुसता अडकवून ठेवा म्हणजे थेंब गळायचे थांबतात. दीड मिनिटाने सावकाश दाबायला लागा. मनगटाने न दाबता हात सरळ ठेवून खांद्याचा भार द्या, अर्धं मिनिट लागू दे. फुस्स आवाज आला की थांबा, त्यापुढे उतरतं ते कडू. काहीजण नळकांडं उलटं उभं करून भिजवतात. सपाट ओट्यावर ते जमतं, जांभ्याच्या पडवीत किंवा फेरीबोटीवर करू नका.

दुधाची हवी असेल तर पाणी १०० मिलीच घाला आणि वर तेवढंच गरम दूध. दुधावर जायफळ किसा. आपल्याकडच्या कॉफीला जायफळाचा वास असतोच, आणि इथे ते नारळ-पोफळीच्या वाडीतलंच असतं. काकींनी मला एक दिलं होतं, अजून कवचात, हलवलं की आत खुळखुळणारं. पुडीतल्या जायफळाचा वास त्याच्याजवळपासही येत नाही.

निघताना भांडं पिशवीत भरताना दट्ट्या नळकांड्यात अर्धवट ठेवू नका, पार आरपार काढून ठेवा. रबर दाबून राहिलं की सैल पडतं आणि मग कडेने पाणी निसटतं. किनाऱ्यावर नेला असाल तर रबराच्या खाचेतली वाळू आधी गोड्या पाण्याने धुवा. वाळूचा एक कण आत राहिला तरी नळकांड्याला आतून चरा पडतो.